कोठीची वही

"वसतिगृहाने आम्हांस काय दिले?" या विषयावर स्मरणिकेसाठी लिहावे, असे संपादक मंडळाचे पत्र आम्हा चौघांनाही स्वतंत्रपणे आले. आम्ही चौघे एकाच वर्षी इस्लामपूरच्या या वसतिगृहात दाखल झालो, एकाच खोलीत राहिलो आणि आठवीपासून दहावीपर्यंत कोठी सांभाळली. आज एक जण सहकारी संस्थांचे लेखापरीक्षण करतो, एक कनिष्ठ महाविद्यालयात वाणिज्य शाखेला शिकवतो, एकाचे खते-बियाण्यांचे दुकान आहे आणि चौथा कोषागारात नोकरीला आहे. फोनवर बोलताना लक्षात आले, की चौघांच्या मनात आलेली आठवण एकच आहे. म्हणून लेखही एकच लिहीत आहोत. त्यात चौथ्याचा वाटा मोठा आहे आणि तो त्याच्या संमतीने, किंबहुना त्याच्या आग्रहाने लिहिला आहे.

कोठी म्हणजे स्वयंपाकघराला लागून असलेली बिनखिडकीची खोली. ज्वारी-गव्हाची पोती, तूरडाळीचा पत्र्याचा डबा, गुळाच्या ढेपा, मिठाची बरणी आणि दाराशेजारी खुंटीला टांगलेला तराजू. आठवीच्या सुरुवातीस गृहपाल सरांनी किल्ल्यांचा जुडगा आमच्यापुढे ठेवला आणि त्याबरोबर लाल कापडी बांधणीची एक लांबट वही. रोज पहाटे वंदना झाली की मावशींना दिवसाचा शिधा मोजून द्यायचा आणि वहीत लिहायचा, एवढेच काम. शिधा मोजणे आम्ही आठवड्यात शिकलो. लिहिणे शिकायला वर्ष गेले.

अडचण 'जमा' आणि 'नावे' या दोन शब्दांनीच सुरू झाली. घरी आम्ही ऐकलेले जमा म्हणजे मिळालेले, साठलेले. सर मात्र सांगत, की कोठीत पोते आले तर ते कोठीच्या नावे लिहा आणि शिधा बाहेर गेला तर कोठीला जमा करा. गेलेली वस्तू जमा कशी, हे आमच्या डोक्यात शिरेना. त्यात पेठेतल्या ज्या दुकानातून किराणा येई, तेथील दुकानदाराच्या जुन्या पद्धतीच्या कीर्दीत जमा डावीकडे आणि नावे उजवीकडे असे. सरांनी आखून दिलेल्या वहीत नेमके उलटे. आमच्यातील एकाने पूर्ण श्रावण महिना दुकानदाराच्या पद्धतीने लिहिला आणि सरांनी तो भाद्रपदात पुन्हा लिहून घेतला.

शेवटी सरांनी जे सांगितले ते आजही आमच्यातील एक जण अकरावीच्या पहिल्या तासाला सांगतो. कोठीला माणूस समजा. तिने घेतले, म्हणजे तिच्यावर जबाबदारी आली; म्हणून ते तिच्या नावे. तिने दिले, म्हणजे ती तेवढ्यापुरती मोकळी झाली. म्हणून तिला जमा. प्रत्येक खाते हा उत्तर देणारा माणूस आहे. एकाने दिल्याशिवाय दुसऱ्याला मिळत नाही, म्हणून प्रत्येक व्यवहार दोन ठिकाणी लिहावा लागतो. द्विनोंदी पद्धतीचे याहून सोपे स्पष्टीकरण पुढे कोणत्याही पुस्तकात आम्हाला सापडले नाही.

अर्थशास्त्र मात्र पोत्यातून आले. काही पालक रोख रकमेऐवजी ज्वारी आणून देत. ती त्या दिवशीच्या बाजारभावाने मांडून त्यांच्या खात्याला जमा करायची असा नियम होता. एका वर्षी सुगी संपता संपता एक आजोबा पोते घेऊन आले आणि गतवर्षीपेक्षा कमी रक्कम जमा झालेली पाहून आमच्यावर रागावले. "पोतं तेच, जोंधळा तोच, मग रुपयं कमी का?" आम्हाला उत्तर देता येईना. सर त्यांना ओट्यावर घेऊन बसले. सुगीत सगळ्यांचीच ज्वारी एकदम बाजारात येते, घेणारे तेवढेच राहतात, म्हणून भाव पडतो. हेच पोते त्यांनी गतवर्षी आषाढात आणले होते. आजोबांना हे ठाऊक नव्हते असे नाही. त्यांचे म्हणणे एवढेच होते, की आषाढापर्यंत पोते घरात ठेवायला घरात दुसरे पोते लागते. मागणी-पुरवठ्याचा आलेख आम्ही पुढे अनेकदा काढला, पण आजोबांचे हे वाक्य त्या आलेखात कोठे बसवायचे ते अजून कळलेले नाही.

बाबासाहेबांच्या 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या ग्रंथाचे नाव आम्ही त्या दिवशी संध्याकाळी प्रथम ऐकले. लंडनच्या पदवीसाठी लिहिलेला हा प्रबंध 1923 साली ग्रंथरूपाने निघाला आणि त्याला त्यांचे प्राध्यापक एडविन कॅनन यांची प्रस्तावना आहे. ती लिहिताना गुरूंनी शिष्याशी असलेले मतभेदही झाकून ठेवले नाहीत. सरांनी आम्हाला समजेल एवढेच काढून सांगितले. रुपयाचा परदेशी नाण्याशी भाव स्थिर राहतो की नाही, याची चिंता सरकारला होती. रुपयात देशातल्या माणसाला किती धान्य मिळते ते स्थिर आहे का, हा बाबासाहेबांचा प्रश्न होता. दरवर्षी 14 एप्रिलला ज्यांची तसबीर आम्ही खांद्यावर घेत असू, ते मिरवणुकीतले बाबासाहेब आणि ज्वारीच्या पोत्याजवळ उभे असलेले हे बाबासाहेब एकच आहेत, हे समजायला आम्हाला काही दिवस लागले.

आता साखरेविषयी.

नववीतील माघ पौर्णिमेला खीर करायची होती. आदल्या दिवशी साखर मोजली तर वहीपेक्षा 3 किलो कमी भरली. पुन्हा मोजली, पोते झटकले. मग आम्ही जे केले ते सांगायला आजही संकोच वाटतो. वहीत मागच्या पंधरवड्यातील एक मोकळी ओळ शोधली आणि तेथे लिहिले: 'पाहुण्यांचा चहा, साखर 3 किलो'. ताळा जमला. आम्ही निश्चिंत झोपलो.

सकाळी सरांनी वही पाहिली. ओरडले नाहीत. त्यांनी मावशींना एका कपाला किती साखर लागते ते विचारले. मावशी म्हणाल्या, चमचाभर. साधारण 10 ग्रॅम. सरांनी फळ्यावर भागाकार मांडला. 3 किलो म्हणजे 300 कप. "पंधरा दिवसांत 300 पाहुणे आले आणि मला एकही भेटला नाही," एवढेच ते म्हणाले. मग त्यांनी जे शिकवले ते लेखापरीक्षणाचे पहिले सूत्र होते: तेरीज जुळली म्हणजे हिशेब खरा, असे नाही. दोन्ही बाजूंना सारखेच खोटे लिहिले तर तेरीज हसतमुखाने जुळते. न लिहिलेला व्यवहार तिला दिसत नाही, चुकीच्या शीर्षाखाली लिहिलेला दिसत नाही, एक चूक दुसरीने भरून निघाली तर तीही दिसत नाही. रोज सकाळी आपण पंचशील म्हणतो, त्यातले चौथे फक्त जिभेपुरते आहे असे तुम्हाला कोणी सांगितले, असे त्यांनी विचारले आणि ते निघून गेले.

त्या रात्री चौथा स्वतः सरांकडे गेला. त्याचे आई-वडील बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला दरवर्षी वाळवा तालुक्यात येत आणि हंगामभर गावाबाहेरच्या कोप्यांवर राहत. त्या माघात त्याची बहीण कोपीवरच जन्मली होती. बाळंतिणीला द्यायला घरात गूळसुद्धा नव्हता. उसाच्या फडात राहणाऱ्या घरात गोड नव्हते, हे वाक्य आम्ही पुष्कळदा खोडले आणि पुन्हा लिहिले. वस्तुस्थिती तशीच होती. किल्ली त्याच्याकडे होती. त्याने साखर नेली.

आम्हाला वाटले होते की सर एकतर त्याला घरी पाठवतील, नाहीतर साखर दान म्हणून सोडून देतील. त्यांनी दोन्ही केले नाही. खोटी ओळ तांबड्या शाईने रद्द केली, शेजारी आम्हा चौघांच्या सह्या घेतल्या आणि वहीच्या शेवटी एक नवे खाते उघडले. त्यावर चौथ्याचे नाव होते. पहिली नोंद त्याच्याच हस्ताक्षरात: 'नावे, साखर 3 किलो'. आम्ही तिघांनी वर्गणी काढून ते खाते मिटवतो म्हटले, तर सर म्हणाले, "ते त्याला विचारा." त्याने नको म्हटले. नेलेले लिहून ठेवले तर ती चोरी राहत नाही, उधारी होते. आणि उधार माणूस डोके वर करून फिरू शकतो, असे त्याला त्या वयात वाटले होते. आता तो म्हणतो की उधारीविषयीचे हे मत पुढे दोनच महिन्यांत बदलावे लागले.

त्याच सुमारास सरांनी आम्हाला मसूरची हकीकत सांगितली. कराडच्या पुढे रेल्वेने गेलेल्या प्रत्येकाने ते स्टेशन पाहिले आहे. बाबासाहेबांचे वडील, सुभेदार रामजी, तेव्हा खटाव तालुक्यातील गोरेगावला कॅशियर होते. दुष्काळग्रस्तांना काम मिळावे म्हणून सरकारने तेथे तलावाचे खोदकाम काढले होते. 1901 साली भीमराव, त्यांचे थोरले बंधू आणि भाचा साताऱ्याहून वडिलांकडे निघाले. मसूरला उतरले, पण घ्यायला कोणी आले नव्हते. जात कळताच एकही गाडीवान तयार होईना. अखेर दुप्पट भाडे द्यायचे आणि गाडी मुलांनीच हाकायची, गाडीवान बाजूने चालणार, असे ठरले. वाटेत त्यांना प्यायला पाणी मिळाले नाही. बाबासाहेबांनी हे सारे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये स्वतः लिहून ठेवले आहे.

ही हकीकत व्याख्यानांतून आम्ही अनेकदा ऐकली होती. सरांनी वेगळाच प्रश्न घातला: कॅशियरच्या मुलांनी तो खर्च वहीत कसा लिहायचा? आम्ही लिहिले, 'गाडीभाडे'. सर म्हणाले, निम्मेच. उरलेल्या निम्म्याच्या बदल्यात मुलांना काय मिळाले? गाडी अधिक वेगाने गेली नाही, हाकण्याचे श्रमही त्यांनीच केले. तो पैसा कशाची किंमत होता? आम्ही गप्प राहिलो. पेठेत काही घरांना भाड्याने खोली मिळताना जास्त अनामत मागितली जाते, काहींना उधार मिळत नाही, काहींना मालाचा भाव कमी मिळतो. हे सर्व कोणाच्या ना कोणाच्या वहीत घरभाडे, खरेदी, विक्री अशा निरुपद्रवी शीर्षांखाली बसलेले असते आणि तेरीज जुळत राहते. आमच्यातील लेखापरीक्षक सांगतो, की इतकी वर्षे वह्या तपासूनही त्याला या खर्चाचे शीर्ष कोठे लिहिलेले आढळले नाही.

चैत्रात पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला. मुकादमाने हिशेब केला आणि चौथा प्रथमच वडिलांबरोबर हिशेबाला बसला. येथे एक गंमत सांगायला हवी. पुस्तपालनाच्या पाठ्यपुस्तकात 'उचल' म्हणजे मालकाने स्वतःच्या धंद्यातून स्वतःसाठी काढलेली रक्कम. कोपीवर उचल म्हणजे दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाने आगाऊ दिलेला पैसा, जो हंगामभर नवरा-बायकोने मिळून, म्हणजे एका 'कोयत्याने', फेडायचा. एकाच शब्दाची दोन घरे.

त्या पानावरचे आकडे त्याला आजही पाठ आहेत. नावे बाजूला उचल 24,000 रुपये, हंगामातील खर्ची 3,200 आणि चार खाड्यांचे 400. जमा बाजूला 310 टन तोड, 80 रुपये दराने 24,800. बाकी 2,800 वडिलांच्या अंगावर. त्याने प्रत्येक ओळ तपासली. चारपैकी दोन खाडे कारखाना बंद होता त्या दिवसांचे निघाले. सकाळचा भोंगा झाला नव्हता, हे आम्हा सर्वांच्या लक्षात होते. मुकादमाने कुरकुर न करता 200 रुपये कमी केले. बाकी उरली 2,600. आणि उरलेले पान अगदी बरोबर होते.

तो वसतिगृहावर परत आला तो रडवेला होऊन. लबाडी सापडली असती तर बरे झाले असते, असे तो म्हणाला. तिच्याशी भांडता आले असते. दोन माणसे सहा महिने राबली, बाळंतपण फडाकाठी झाले, आणि शेवटी एक बरोबर असलेले पान सांगत होते की तुम्हीच देणे लागता.

आम्हाला वाटते, त्या दिवशी आम्ही हिशेब सोडून अर्थशास्त्रात आलो. सरांनी पान पाहिले आणि एवढेच विचारले, की 310 हा आकडा मोजता येतो, तसा 80 मोजता येतो का? तो कोणी ठरवला? आणि ठरवताना तुझे वडील त्या खोलीत होते का? पुढचा प्रश्न अधिक अवघड होता: तो दर परवडत नसताना वडील दरवर्षी का येतात? त्यांना गावी अडीच एकर जमीन होती. इस्लामपूरच्या आसपास कृष्णेच्या पाण्याखालच्या अडीच एकरांत ऊस घेऊन सुखाने राहणारी कुटुंबे आम्ही रोज पाहत होतो. त्यांची मुले आमच्याच वर्गात होती.

बाबासाहेबांनी 1918 साली भारतातील लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर एक निबंध लिहिला, त्याची ओळख आम्हाला या अडीच एकरांमुळे झाली. तुकडे जोडून जमीन मोठी करा, असा तेव्हाचा बहुतेक विद्वानांचा सल्ला होता. बाबासाहेबांनी विचारले, लहान म्हणजे कशाच्या मानाने लहान? जमीन लहान की मोठी हे एकरांवरून ठरत नाही. तिच्यावर घालायला भांडवल, अवजारे, श्रम किती आहेत त्यावरून ठरते. शेतीवर गरजेहून अधिक माणसे अवलंबून आहेत, त्यांना उद्योगांकडे वळवल्यावाचून एकरांची बेरीज करून काही साधणार नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. बीडचे कोरडवाहू अडीच एकर आणि वाळव्याचे बागायती अडीच एकर आमच्या डोळ्यांसमोर होते. आम्हाला निबंध पटवून द्यावा लागला नाही. कोरडवाहू अडीच एकर सहा महिने घराला रिकामे ठेवतात, आणि रिकाम्या घराला मुकादम जो दर देईल तो दर.

मुकादम वाईट माणूस नव्हता, हेही लिहिले पाहिजे. त्याने एक मार्ग सुचवला. पोरगा आता हाताशी आला आहे, पुढच्या हंगामाला त्याला अर्धा कोयता धरू, उचल वाढवून देतो, बाकी एका झटक्यात फिटेल. वडिलांना ते पटत चालले होते. शाळेचा खर्च तो किती, वसतिगृह तर जवळजवळ फुकट, असे आम्ही म्हणालो. तेव्हा सरांनी आमचा हिशेब दुरुस्त केला. शाळेचा खर्च म्हणजे फी नव्हे. मुलगा शाळेत बसल्यामुळे जी अर्ध्या कोयत्याची मजुरी घरात येत नाही, ती खरी फी, आणि ती त्याचे आई-वडील दरवर्षी निमूटपणे भरत आहेत. 'संधी खर्च' ही संज्ञा आम्ही पुढे पाठ केली. पण हे ऐकल्यावर चौथ्याला घरच्यांविषयी वाटणारा राग ओसरला, तो त्या दिवशीच.

रविवारच्या धम्मवर्गात तेव्हा व्यग्घपज्ज सुत्त चालू होते. कोलियांच्या नगरात दीघजाणू नावाच्या गृहस्थाने भगवंतांना विचारले, आम्ही संसारी माणसे, आमच्या हिताचे सांगा. उत्तरात चार गोष्टी येतात: उद्योग, मिळवलेल्याचे रक्षण, चांगल्यांची संगत आणि समजीविता. चौथीसाठी तराजूची उपमा आहे. तराजू धरणाऱ्याला पारडे किती झुकले ते कळते, तशी मिळकत आणि खर्च यांची जाण ठेवावी. थोड्या मिळकतीत थाट नको आणि भरपूर असताना उपाशी राहणेही नको. सिगालोवादात तर संपत्तीचे चार भाग सांगितले आहेत: एक उपभोगाला, दोन उद्योगात, एक अडीअडचणीला. आम्ही कोठीच्या तराजूकडे पाहून माना डोलावल्या. चौथ्याने मात्र विचारले, "सर, उचल घरात येण्याआधीच खर्च झालेली असते. तिचे चार भाग कसे करायचे?"

सरांनी लगेच उत्तर दिले नाही. पुढच्या रविवारी त्यांनी अनाथपिंडिकाला सांगितलेली गृहस्थाची चार सुखे वाचली. त्यांत धन असण्याचे सुख आहे, ते भोगण्याचे आहे, निर्दोष वर्तनाचे आहे. आणि कोणाचेही देणे नसणे हे एक स्वतंत्र सुख म्हणून मोजले आहे. चौथ्याच्या प्रश्नाचे हे पूर्ण उत्तर नव्हते, आणि सरांनीही ते तसे असल्याचा आव आणला नाही. अलीकडे आर्थिक साक्षरतेची शिबिरे होतात, बचत करा म्हणून सांगतात. आम्हालाही वक्ते म्हणून बोलावतात. समोर बसलेल्यांत उचलीवर जगणारे कोणी असेल तर आमची जीभ अडखळते. आधी देणे, मग दर, मग पाणी, आणि त्यानंतर बचत, असा क्रम आम्ही लावतो. तो प्रत्येकाला पटतोच असे नाही.

चौथा शाळेत राहिला. त्याचे श्रेय आमच्या हिशेबाला द्यावे असे आम्हाला पुष्कळ वाटते, पण ते खरे होणार नाही. श्रेय त्याच्या आईचे. ऊस तोडल्यावर वरचे हिरवे शेंडे, म्हणजे वाढे, उरते. त्याच्या पेंढ्या बांधून जनावरवाल्यांना विकल्या की मजूर बायकांच्या हाती थोडे रोख पैसे येतात. हा पैसा मुकादमाच्या वहीत कोठेच नसतो. पट्टा पडल्यावर गावी परतण्याच्या आदल्या दिवशी काकू तान्ह्या मुलीला पाठीशी बांधून वसतिगृहावर आल्या. पेठेतून घेतलेली 3 किलो साखर त्यांनी कोठीच्या दारात ठेवली आणि पोराने मोजून घ्यावी म्हणून थांबल्या. आम्ही तराजू काढला. साखर बरोबर भरली. चौथ्याने स्वतःच्या खात्यावर जमेची नोंद केली आणि खाली रेघ मारली.

"लिव्हलंस?" काकूंनी विचारले.

"लिहिलं."

"मंग मला कागद दे."

आम्ही एकमेकांकडे पाहिले. आपल्याच मुलाच्या वहीतल्या नोंदीची पावती त्या मागत होत्या. सरांनी पावतीपुस्तक आणवले, वसतिगृहाचा शिक्का मारला, सही केली. काकूंना वाचता येत नव्हते. त्यांनी ती मुलाकडून दोनदा वाचून घेतली, सही कुठली आणि शिक्का कुठला ते बोटाने विचारून घेतले, घडी केली आणि पदराच्या गाठीत बांधली.

त्या वर्षी दिवाळीत, उचल घेताना, त्यांनी मुकादमाकडे कागद मागितला. पोराची अर्धी उचल त्यांनी घेतली नाही. मुकादम हसला, पण बिडीच्या पुड्याच्या आतल्या बाजूला तारीख आणि रक्कम लिहून दिली. हंगामाला आल्यावर काकूंनी तो पुडा वसतिगृहावर आणून आम्हाला दाखवला. आकडे बरोबर होते. सही नव्हती. आम्ही तसे सांगितल्यावर त्या पुडा घेऊन उठल्या आणि पाच मैल चालत पुन्हा कोप्यांकडे गेल्या.